सबवूफरची वायर बोनेटमधून डिकीपर्यंत नेताना

चिपळूणहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. पाच वर्षं जुनी हॅचबॅक, कंपनीचाच टचस्क्रीन स्टिरिओ. डिकीत १२ इंची सबवूफरचा बॉक्स आणि मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा, ॲम्प बसवायचा आहे. ॲम्पवर ५०० वॉट आरएमएस (म्हणजे सतत देता येणारी ताकद) लिहिलंय आणि त्याच्या बाजूला ३०-३० अँपिअरचे दोन फ्यूज आहेत. ऑनलाइन मागवलेल्या किटमध्ये ८ गेजची लाल वायर आली आहे. बॅटरी क्लीनर साइडला, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारच्या बाजूला आहे. पॉवरची वायर आत कुठून घ्यायची, सिग्नलची कुठल्या बाजूने न्यायची, अर्थ, म्हणजे निगेटिव्हची वायर, कुठे द्यायचा? ओळखीचा एक दुकानदार म्हणतो, "स्टिरिओच्या मागून पॉवर घ्या, एवढी लांब वायर कशाला ओढता?"

दुकानदाराचं ऐकू नका. स्टिरिओच्या मागे येणारी वायर १० किंवा १५ अँपिअरच्या फ्यूजवर असते आणि तुमचा ॲम्प जोरात वाजला की ४५ अँपिअर मागणार. हिशोब सोपा आहे. क्लास डी, म्हणजे सबवूफरसाठी नेहमी वापरतात त्या प्रकारचा ॲम्प घेतलेल्या विजेतली साधारण ८० टक्के आवाजात बदलतो. म्हणजे ५०० वॉट द्यायला त्याला ६२५ वॉट लागतात. इंजिन चालू असताना व्होल्टेज १३.८ धरलं, तर ४५ अँपिअर. डॅशबोर्डमधली वायर एवढा भार घेत नाही. फ्यूज उडाला तर नशीब म्हणायचं. पण पहिल्यांदा फ्यूज उडाला की कुणीतरी तिथे मोठा फ्यूज घालतो, आणि खरा घोळ तिथे सुरू होतो.

हाच हिशोब उलटा करून ॲम्पवरच्या आकड्याची परीक्षाही घेता येते. तुमच्या ॲम्पचे दोन फ्यूज मिळून ६० अँपिअर. ६० गुणिले १३.८ गुणिले ०.८, म्हणजे साडेसहाशेच्या आसपास. तेव्हा ५०० आरएमएस हा दावा बसतो. माझ्याकडे ३०-३० चेच फ्यूज असलेले आणि वर मोठ्या अक्षरात ५००० वॉट छापलेले ॲम्पही येतात. अशा वेळी छापील आकडा सोडायचा आणि फ्यूज वाचायचे.

आता किटमधली वायर. तिचं टोक ब्लेडने खरवडून बघा. वरून तांबूस आणि खरवडल्यावर आत पांढरी चकाकी दिसली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. स्वस्त किटमध्ये बहुतेक वेळा तीच निघते. तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तुलनेत ती वीज ६०-६५ टक्केच वाहते. खऱ्या तांब्याची ८ गेज म्हणजे साधारण ८.४ चौरस मिलिमीटर. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर लागले तर ४५ अँपिअरला तिच्यात जवळपास अर्धा व्होल्ट गळतो. ॲल्युमिनियमची असेल तर पाऊण व्होल्ट. वर लाल रबर जाड आणि आत तार बारीक, हाही प्रकार असतो, म्हणजे त्याहूनही वाईट. माझ्या मते ती वायर बाजूला ठेवा. लक्षात घ्या, गेजचा आकडा जेवढा लहान, तेवढी वायर जाड.

तुम्हाला ४ गेज हवी, म्हणजे २१ चौरस मिलिमीटर. चांगल्या ब्रँडची ४ गेज महाग पडते, म्हणून मी बऱ्याचदा २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल वापरतो. बारीक तारांची असते, हवी तशी वळते आणि हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. ५ मीटरला त्याच भाराखाली १५-१६ शतांश व्होल्टच पडतो. फक्त "तांब्याची द्या" असं दोनदा सांगा, कारण वेल्डिंग केबलही ॲल्युमिनियमची येते. वेल्डिंग केबल काळी असते, म्हणून दोन्ही टोकांना लाल स्लीव्ह चढवा. उद्या दुसरा कुणी बोनेट उघडेल त्याला पॉझिटिव्ह कोणती ते कळलं पाहिजे. घराच्या वायरिंगची जाड वायर मात्र नको. तिच्या तारा मोजक्या आणि ताठ असतात. गाडीच्या कंपनाने थिंबलच्या, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या कडीच्या, तोंडाशी त्या एकेक करून तुटत जातात.

वायर कुठून न्यायची हे तुम्ही विचारलंत, फ्यूज कुठे लावायचा हे नाही विचारलंत. माझ्याकडे येणारे दहातले आठ जण तसंच करतात. ॲम्पवर फ्यूज आहेतच, मग आणखी कशाला, असं वाटतं. ॲम्पवरचे फ्यूज ॲम्पसाठी. बॅटरीजवळचा फ्यूज वायरसाठी. पाच मीटरची वायर पत्र्याच्या गाडीतून जाते आणि गाडीचा सगळा पत्रा म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह. मधे कुठेही वायरचं रबर घासून तांबं पत्र्याला टेकलं, तर बॅटरी काहीशे अँपिअर ओतते. ॲम्पवरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण वीज त्याच्यापर्यंत पोचतच नाही. वायर लाल होते, मॅटिंग पेटतं.

अशी एक गाडी माझ्याकडे आली होती. काम दुसरीकडचं. बॅटरीजवळ फ्यूज नाही, वायर बोनेटच्या पत्र्यातल्या उघड्या भोकातून सरळ आत घेतलेली. मालकाला घाटात जळका वास आला, त्याने गाडी थांबवून पान्याने बॅटरीचं टर्मिनल सोडवलं म्हणून गाडी वाचली. मी क्लीनर साइडचं मॅटिंग उचललं तेव्हा वायरचं रबर मेणासारखं वितळून फेल्टमध्ये मुरलेलं होतं. वायर ओढली तर फेल्टसकट हातात आली. भोकाच्या कडेला तांबं जिथे टेकलं होतं, तिथे पत्र्याला तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा. एवढ्या जागेने सगळं केलं.

म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १८ इंचांच्या आत लावायचा हा सर्वमान्य नियम आहे. मी वीतभर अंतरातच लावतो. तुमच्यासाठी ६० अँपिअरचा. किटमध्ये काचेच्या नळीचा फ्यूज आणि त्याचं प्लास्टिकचं घर येतं. त्यातली पकड स्प्रिंगची असते. काही महिन्यांत ती सैल होते, तापते आणि घर वितळतं. बोल्टने आवळायचा पट्टीसारखा एएनएल फ्यूज घ्या. फ्यूजचं घर हवेत लोंबकळत ठेवू नका, बॅटरीच्या ट्रेला किंवा शेजारच्या ब्रॅकेटला घट्ट बसवा.

आता वायर आत घेणं. निम्मा दिवस इथेच जातो. सुरुवातीला बॅटरीचा निगेटिव्ह १० च्या पान्याने सोडवा आणि कपड्यात गुंडाळून बाजूला ठेवा. खिडक्यांचं ऑटो सेटिंग आणि घड्याळ जाईल, ते नंतर परत लावता येतं.

बोनेट आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला, म्हणजे फायरवॉलला, कंपनीचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, जाण्यासाठी रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात बसवलेलं रबराचं कडं असतं. बॅटरी क्लीनर साइडला आहे, तर आधी त्याच बाजूला शोधा. ग्लोव्ह बॉक्स काढा, खाली आडवे होऊन मॅटिंग थोडं मागे करा आणि बोनेटमधून कुणाला तरी टॉर्च मारायला सांगा. बऱ्याच ग्रोमेटना एखादी बंद बोंडी, म्हणजे टोक बंद असलेली रबराची छोटी नळी असते, कंपनीने पुढच्या सोयीसाठी ठेवलेली. तिचं टोक कापा आणि वायर त्यातून घ्या. बोंडी नसेल तर हार्नेसच्या शेजारी रबराला बारीक छेद द्या. पण टोकदार स्क्रूड्रायव्हर अंदाजाने खुपसू नका, शेजारी कंपनीच्या वीस-तीस वायरी आहेत. घरांत पाइपातून वायर ओढायला इलेक्ट्रिशियन जी स्टीलची लवचीक तार वापरतात, ती आधी आतून बाहेर काढायची, तिच्या टोकाला वायर टेपने निमुळती बांधायची, टेपवर थोडं लिक्विड सोप लावायचं आणि ओढायची. ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं.

ड्रायव्हर साइडचं भोक मोठं आणि सोपं दिसलं तरी शक्यतो टाळा. तिथे क्लच, ब्रेक आणि स्टिअरिंगचा रॉड आहे. पेडलखाली लोंबणारी जाड वायर हा अपघात आहे, एवढंच सांगतो. नाइलाजाने तिकडूनच घ्यावी लागली, तर दर वीतभरावर केबल टाय मारून वायर पेडलपासून पूर्ण बाजूला बांधा. आणि नवीन भोक पाडायची वेळ आलीच, तर पलीकडे काय आहे ते दोन्हीकडून बघूनच ड्रिल लावा, कडा घासून गुळगुळीत करा, गंज लागू नये म्हणून रंगाचा हात द्या आणि त्यात रबर ग्रोमेट बसवा. उघड्या पत्र्यातून वायर न्यायची नाही.

तुम्ही कोकणात आहात, म्हणून दोन गोष्टी जास्तीच्या. बोनेटमध्ये वायर ग्रोमेटमध्ये शिरायच्या आधी खाली झोळ देऊन मग वर घ्या. पाणी वायरवरून ओघळत त्या झोळाच्या तळाशी येतं आणि तिथेच टपकतं, केबिनमध्ये शिरत नाही. मग ग्रोमेटभोवती सिलिकॉन भरा. दुसरी गोष्ट उंदीर. पावसाळ्यात गरम इंजिनावर ते मुक्कामाला येतात. बोनेटमधली सगळी लांबी नालीदार काळ्या पाइपात घाला. त्याने उंदीर शंभर टक्के थांबतो असं नाही, पण उष्णता आणि घासणं यांपासून वायर नक्की वाचते. एक्झॉस्टपासून आणि फिरणाऱ्या पट्ट्यापासून लांब ठेवा.

केबिनमध्ये वायर आली की पुढचं काम सरळ आहे. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी वर उचलली की क्लिपा सुटतात. प्लास्टिकचा पाना वापरा, स्क्रूड्रायव्हरने पट्टीला चरे पडतात. थंडीच्या सकाळी क्लिपा जास्त तुटतात, म्हणून पाच-सहा क्लिपा आधीच आणून ठेवा. खाली कंपनीच्या हार्नेसची नाली दिसेल. तिच्या शेजारून वायर न्या आणि मधल्या खांबाच्या तळाशी सीटबेल्टच्या यंत्रणेला वळसा घालून मागच्या सीटच्या कडेने डिकीत काढा. तिथे पिवळ्या वेष्टनाच्या वायरी किंवा पिवळे कनेक्टर दिसले, तर त्यांना हात लावायचा नाही. एअरबॅग आणि सीटबेल्ट ओढून धरणारी यंत्रणा त्यांच्यावर चालते. टेस्ट लॅम्प तर त्यांना मुळीच लावू नका.

पट्टी परत लावताना मीही एकदा चूक केली आहे. सुरुवातीच्या काळात एका गाडीची क्लिप तुटली, म्हणून मी घाईत तिथे स्क्रू मारला. तो खालच्या हार्नेसमध्ये गेला. मागच्या दाराची काच वर-खाली होईना, इंडिकेटर आपोआप लागायला लागले. दोन दिवस फुकट काम करून ते निस्तरलं. तेव्हापासून उंबऱ्याला माझा स्क्रू लागत नाही.

आणि उंबऱ्यात जोड नको. वायर अखंड घ्या. २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर तुमच्याच गावच्या दोन गाड्या माझ्याकडे आल्या होत्या. पाणी ओसरलं तरी उंबऱ्याच्या नालीत चिखल राहिला होता आणि तिथला प्रत्येक टेपचा जोड हिरवा पडून भुगा झाला होता. त्याच नालीतून गेलेली अखंड वायर मात्र पुसून घेतल्यावर ठीक होती.

सिग्नल कुठल्या बाजूने? पॉवर क्लीनर साइडने, तर सिग्नल ड्रायव्हर साइडने किंवा गिअरच्या मधल्या कन्सोलमधून. दोन्ही एकमेकांना ओलांडणार असतील तर काटकोनात ओलांडू द्या. हा नियम मीही पाळतो, कारण त्याला खर्च नाही. पण खरं सांगू का, "वायरी एकत्र नेल्या म्हणून आवाज येतो" हे निदान नेहमीच बरोबर नसतं. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी ती बारीक शिट्टी बहुतेक वेळा खराब अर्थमधून येते. स्टिरिओचा अर्थ एकीकडे, ॲम्पचा दुसरीकडे, दोघांत किंचित फरक पडतो आणि तो फरक आरसीएच्या, म्हणजे स्टिरिओतून ॲम्पला सिग्नल नेणाऱ्या वायरीच्या, जाळीतून वाहायला लागतो. शिट्टी आली तर ॲम्पचा आरसीए काढून बघा. थांबली तर दोष ॲम्पच्या अलीकडे, सिग्नलच्या वाटेवर आहे. आरसीए काढूनही चालूच असेल तर ॲम्पची पॉवर आणि अर्थ तपासा. वायरी पुन्हा ओढायचं काम त्यानंतर.

तुमच्या कंपनीच्या स्टिरिओला बहुधा मागे आरसीएची जागाच नसेल. मग सिग्नल मागच्या स्पीकरच्या वायरीतून घ्यायचा. ॲम्पला हाय लेव्हल इनपुट, म्हणजे स्पीकरच्या वायरी थेट घेणारी जागा असेल तर सरळ त्याला द्या, नसेल तर तो सिग्नल आरसीएला चालेल एवढा कमी करणारा हाय-लो कन्व्हर्टर लागेल. बरेच जण कन्व्हर्टर स्टिरिओच्या मागे बसवतात आणि तिथून पाच मीटर आरसीए ओढतात. मी उलटं करतो. स्पीकरच्या वायरी डिकीपर्यंत नेतो, कन्व्हर्टर ॲम्पच्या शेजारी आणि आरसीए फक्त हातभर. स्पीकरच्या वायरीतला सिग्नल मुळातच दमदार असतो, वाटेतल्या खरखरीला तो दाद देत नाही. स्टिरिओच्या मागे कंपनीची वायर कापू नका. गाडीच्या मॉडेलचा कपलर, म्हणजे न कापता मधे बसणारा जोड बाजारात मिळतो, तो मधे लावा. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत थिंबल, स्लीव्ह, फ्यूज मिळतात, पण कपलर ॲक्सेसरीवाल्याकडेच बघा. कापलेली वायर दिसली की सर्व्हिस सेंटरवाले वॉरंटीचा वाद घालतात. विम्यासाठीही हे सामान पॉलिसीत इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी म्हणून नोंदवून घ्या.

रिमोट म्हणजे ॲम्पला "चालू हो" सांगणारी बारीक वायर. बाहेरच्या स्टिरिओला ती निळी-पांढरी असते. नुसती निळी सहसा अँटेनाची, ती रेडिओ लावल्यावरच जिवंत होते. कंपनीच्या स्टिरिओला सहसा रिमोट नसतो. काही ॲम्प हाय लेव्हल सिग्नल आला की स्वतःच चालू होतात. नसेल तर चार्जरच्या सॉकेटच्या फ्यूजवर फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून तिथून आणखी एक वायर काढून देणारा जोड) लावून त्यात २ अँपिअरचा फ्यूज घाला आणि तिथून घ्या. किल्ली काढल्यावर ती वायर मेली पाहिजे, मल्टिमीटरने बघून घ्या. नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली.

अर्थ. डिकीतल्या पत्र्यावर, ॲम्पपासून दीड फुटाच्या आत, पॉवरएवढ्याच जाडीची वायर. पॉवरला २५ ची आणि अर्थला ६ ची, हे मी रोज बघतो. जेवढी वीज आत येते तेवढीच परत जायची आहे. जागा शोधताना जाड पत्र्याला वेल्ड केलेला कंपनीचा बोल्ट सापडला तर उत्तम. सीटबेल्टचा बोल्ट घ्यायचा नाही, तो आवळण्याचं माप ठरलेलं असतं आणि त्यावर माणसाचा जीव असतो. नवीन भोक पाडणार असाल तर गाडीखाली वाकून बघा. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते, ब्रेकच्या नळ्या जातात.

जागा ठरली की रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा गोल पॉलिश पेपरने घासा. रंग जाईल, मग खालचा करडा प्राइमर दिसेल. बरेच जण तिथेच थांबतात. प्राइमरही वीज वाहत नाही. पत्रा आरशासारखा पांढरा चमकेपर्यंत घासा. थिंबल थेट पत्र्यावर, वर दातेरी वॉशर, मग नट. आवळून झाल्यावर वरून रंग किंवा ग्रीस लावा, आधी नाही. थिंबल पक्कडीने दाबून भागत नाही, क्रिंपिंगच्या हत्याराने दाबा आणि नंतर हाताने ओढून बघा. गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर चौकोनी सेन्सर बसवलेला असेल, तर कुठलाही अर्थ त्या टर्मिनलला थेट देऊ नका. आलेली-गेलेली वीज तो मोजतो. अर्थ पत्र्यालाच.

हायब्रिडवाल्यांनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी: काही गाड्यांत पुढच्या सीटखाली दुसरी बॅटरी असते, मॅटिंग उचलायच्या आधी बघून घ्या. नारिंगी केबल दिसली तर तिथे हात घालू नका.

सबवूफरची कॉइल तपासायला विसरू नका. दोन कॉइल ४-४ ओहमच्या असतील तर समांतर जोडून २ ओहम होतात, एकामागे एक जोडून ८. ॲम्पच्या पुस्तिकेत २ ओहम चालतं असं लिहिलं असेल तरच समांतर.

सगळं जोडून झालं की बॅटरीचा निगेटिव्ह लावा आणि मुख्य फ्यूज अगदी शेवटी. फ्यूज बसवताना छोटी ठिणगी उडेल. ॲम्पमधले कपॅसिटर भरतात, त्याची ती. घाबरू नका. मग इंजिन चालू करून जोरात बास असलेलं काहीतरी लावा आणि मल्टिमीटरने आधी बॅटरीवर, मग ॲम्पच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. दोघांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर कुठलातरी जोड कच्चा आहे. वीस मिनिटं वाजवून फ्यूजच्या घराला आणि दोन्ही टोकांच्या थिंबलना हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर तोच तो जोड. आठवड्याने ॲम्पचे स्क्रू पुन्हा आवळा, बारीक तारा दाबून बसतात आणि स्क्रू अर्धा फेरा सैल होतो.

आणि ६० चे दोन फ्यूज जास्तीचे घेऊन ग्लोव्ह बॉक्समध्ये टाका. एएनएल फ्यूज नाक्यावरच्या दुकानात मिळत नाही. मग तिथला मेकॅनिक मदत म्हणून तांब्याची तार आवळून देतो, काचेचा असेल तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतो. त्या जळालेल्या मॅटिंगच्या गाडीचं काम मी केलं, त्यानंतर दीड वर्षाने ती परत सर्व्हिसला आली. मी लावलेल्या फ्यूजच्या जागी तारच होती.